आईला ‘चाला’ म्हणू नका

सोलापुरात माझ्या आईनं तीस वर्षं मांडी घालून विड्या वळल्या. गुडघे गेले, वजन वाढलं. आता जो भेटतो तो सांगतो, ‘रोज सिद्धेश्वर तलावापर्यंत चालून या.’ अहो, तिला जिना उतरवत नाही! तरी दोष तिच्याच माथी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली. थोडी हालचालही मोलाचीच, अपंगत्व असलं तरी. म्हणून आई खुर्चीत बसूनच एकेक पाय सरळ करते, दहा अंक मोजते. एवढं ती करते. तुम्ही जिन्याला कठडा, रस्त्यावर दर पन्नास पावलांना बाक द्या. मग तिला आळशी म्हणा.