आमच्या मुलांनीं जनसंपर्काची विद्या शिकावी

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील घराघरांतून एकच विचार सुरू होतो. ज्यास गुण उत्तम पडले त्यानें डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावें, ज्यास मध्यम पडले त्यानें पोलीस भरती अथवा स्पर्धा-परीक्षा धरावी, आणि ज्याचें कोठेंच जमलें नाहीं त्यानें शेत सांभाळावें. ही वांटणी कोणीं ठरविली हें कोणासच ठाऊक नाहीं. पण सातबाऱ्यावरील जुन्या नोंदीप्रमाणें ती वर्षानुवर्षें तशीच पुढें चालली आहे. या वांटणींत एका विद्येस मुळींच जागा नाहीं, आणि शेतकऱ्याच्या संसारास तर तिची गरज पावलोपावलीं पडते. ती विद्या म्हणजे जनसंपर्क होय. तिच्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें मांडावे असें आम्हांस वाटतें.

जनसंपर्क हें नांव ऐकतांच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर चौकांतील फलक आणि पुढाऱ्यांमागें धांवणारे छायाचित्रकार उभे राहतात. तो जनसंपर्क नव्हे. तो गाजावाजा होय. एखाद्या संस्थेचें, गांवाचें अगर मालाचें खरें स्वरूप संबंधित लोकांस वेळेवर, त्यांच्या भाषेंत व पुराव्यासह समजावून देणें, आणि त्या लोकांचें म्हणणें तितक्याच प्रामाणिकपणें परत आणून संस्थेच्या कानीं घालणें, ही ती विद्या आहे. म्हणजे अर्धें काम बोलण्याचें आणि अर्धें ऐकण्याचें. अमेरिकेंत इ. स. १९०६ सालीं कोळशाच्या खाणींच्या संपांत आयव्ही ली या गृहस्थानें वर्तमानपत्रांस जाहीर कळविलें कीं, आमचें काम उघड्यावर चालेल आणि दिलेली माहिती कोणासहि पडताळून पाहतां येईल. या धंद्याच्या इतिहासांत तें पत्रक पायाचा दगड मानलें जातें. आपल्या देशांतहि या व्यवसायाची अखिल भारतीय संस्था इ. स. १९५८ सालीं स्थापन झाली. तेव्हां ही विद्या कालपरवाची नाहीं. आपल्या गांवीं ती पोंचली नाहीं इतकेंच.

आतां आपल्या घरचेंच उदाहरण घेऊं. वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगांव व हिंगोली या पांचहि तालुक्यांत हळद होते. बेणें कसें निवडावें, करपा व कंदकूज कशी आवरावी, काढलेली हळद कशी शिजवावी, वाळवावी व ढोलांत घालून पॉलिश करावी, हें आपणांस कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. इ. स. २०२४ सालीं 'वसमत हळद' या नांवास भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु वर्ध्याकडील वायगांवच्या हळदीस तें २०१६ सालीं व सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं मिळून गेलें होतें. मुंबईच्या गृहिणीस सांगलीची हळद ठाऊक आहे. वसमतची किती जणींस ठाऊक आहे? आमच्या जुन्या धंद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर मानांकन म्हणजे फेरफार मंजूर झाला, कबजा मिळावयाचा अद्याप बाकी आहे. तो कबजा ग्राहकाच्या मनाचा आहे, आणि तो तलाठी देऊं शकत नाहीं.

निजामाबाद आपल्यापासून फार दूर नाहीं. तेथील हळद-उत्पादकांनीं काय केलें पाहा. इ. स. २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत त्या एका मतदारसंघांत १८५ उमेदवार उभे राहिले, व त्यांत बहुतेक सर्व हळद व ज्वारी पिकविणारे शेतकरी होते. निवडून येणें हा त्यांचा हेतु नव्हता. हळदीसाठीं स्वतंत्र मंडळ व मालास रास्त भाव पाहिजे, हें गाऱ्हाणें देशाच्या कानीं जावें एवढाच हेतु होता. इतकीं नांवें मावावीं म्हणून मतदान-यंत्रें एकास एक जोडावीं लागलीं आणि देशभरच्या वर्तमानपत्रांस ती हकीकत छापावी लागली. पुढें इ. स. २०२३ मध्यें राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा झाली व १४ जानेवारी २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन होऊन मुख्य कार्यालय निजामाबादेसच ठरलें. तें केवळ या एका युक्तीनें मिळालें असें आम्ही म्हणत नाहीं. राजकारणाचीं इतर कारणेंहि होतीं. पण ज्यांनीं आपलें म्हणणें जगास दिसेल असें मांडलें त्यांच्या दारीं तें कार्यालय आलें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

बोलण्यास कागदाचें पाठबळ मात्र असावें लागतें. इ. स. १९९५ सालीं अमेरिकेंतील एका विद्यापीठास हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट मिळालें. आमच्या आजीनें बोटास हळद लावली त्यास कोणाची परवानगी लागत नसे, असें नुसतें ओरडून तें रद्द झालें नसतें. मूळचे गोव्याचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ व इ. स. १९५३ मधील वैद्यकीय नियतकालिकांतील लेख पुराव्यास जोडले, तेव्हां १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. जी गोष्ट घरोघर सर्वांस ठाऊक होती ती परक्या दरबारांत लेखी सिद्ध करावी लागली.

याहून जवळचा धोका भेसळीचा आहे. बांगलादेशांत हळदीस पिवळाधमक रंग यावा म्हणून पॉलिश करतांना शिशाचें विषारी पिवळें रंगद्रव्य घालीत. इ. स. २०१९ मध्यें तेथील बाजारांतून घेतलेल्या हळदीच्या शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें सांपडलें. मग शास्त्रज्ञ, सरकार व वर्तमानपत्रें यांनीं मिळून व्यापाऱ्यांस व ग्राहकांस धोका समजावून सांगितला, बाजारांत इशारे लावले, दोषी घाऊक व्यापाऱ्यांस दंड केला. आणि २०२१ मध्यें असा एकहि नमुना सांपडला नाहीं. कायदा व लोकशिक्षण हीं दोन्ही बरोबर चाललीं म्हणजे काय होतें त्याचा हा दाखला आहे. उद्यां असाच संशय आपल्या हळदीवर आला, मग तो खरा असो वा खोटा, तर पहिल्या दोन दिवसांत उत्तर कोण देणार? तपासणीचे दाखले कोणाच्या हातीं असणार? पत्रकारानें वसमतेस कोणास विचारावें? या प्रश्नांस आज उत्तर नाहीं. अफवेस पाय असतात. खऱ्यास ते आपणच लावावे लागतात.

महसूल खात्यांतील कारकुनींत आमचीं वर्षें गेलीं. एका गारपिटीनंतर मदतीच्या अर्जांची मुदत कळविणारी नोटीस नियमाप्रमाणें चावडीवर लागली. भाषा कचेरीची, अक्षर बारीक, मुदत आठ दिवसांची. एका गांवांतील निम्म्या खातेदारांस ती मुदत सरल्यावर कळली. दप्तरीं सर्व बिनचूक होतें. नुकसान मात्र खातेदाराचें झालें. पुढें इ. स. २०१६ मध्यें पंतप्रधान पीक विमा योजना आली तेव्हां स्थानिक आपत्तीची खबर ४८ तासांच्या आंत देण्याची अट होती. ती अट ज्यास वेळेवर समजली त्याचा दावा उभा राहिला, ज्यास समजली नाहीं त्याचा बुडाला. हुकूम काढणारे पुष्कळ असतात. हुकूम समजावून सांगणारा व त्यावरील लोकांची अडचण वर कळविणारा मनुष्य कोठेंच नेमलेला नसतो.

या विद्येवर आक्षेप घेतात कीं ही खोट्याचें खरें करण्याची कला आहे. तिचा दुरुपयोग झाला आहे हें आम्हांस मान्य आहे. इ. स. १९२९ सालीं न्यूयॉर्कमध्यें एडवर्ड बर्नेज यानें तंबाखूच्या कंपनीसाठीं स्त्रियांस रस्त्यांतून सिगारेट ओढीत चालविलें व त्यास स्वातंत्र्याचें नांव दिलें. पण वकिलीचाहि दुरुपयोग होतो, म्हणून आपण दाव्यांत वकील देण्याचें सोडतों काय? बियाण्याच्या, औषधांच्या व मसाल्याच्या मोठ्या कंपन्यांपाशीं या विद्येचीं माणसें पगारीं आहेत. एकटा शेतकरीच बिनवकिलाचा उभा आहे.

दुसरा आक्षेप नोकरीचा. आरंभीं पगार थोडा असतो व चांगल्या जागा पुण्या-मुंबईकडे अधिक असतात, हें लपवून ठेवणें बरें नाहीं. परंतु राज्याचें माहिती व जनसंपर्क महासंचालनालय व त्याच्या जिल्हा कचेऱ्या आहेत. दूध संघ, बँका, इस्पितळें, शेतकरी उत्पादक कंपन्या यांसहि अशीं माणसें लागतात. शिवाय ज्या मुलास अगर मुलीस रानांतील बोली, बाजारांतील कट्टी आणि पावसाची ओढ ठाऊक आहे, ती शेतमालाविषयीं जें लिहील तें शहरांत वाढलेल्यास साधणार नाहीं.

शिक्षणाची सोयहि फार दूर नाहीं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत माध्यमशास्त्राचें संकुल आहे. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूट आहे. अमरावतीस भारतीय जनसंचार संस्थेचें केंद्र इ. स. २०११ पासून आहे. कृषि पदवीच घ्यावयाची असेल त्यानें परभणीच्या कृषि विद्यापीठांत विस्तार शिक्षण हा विषय मनापासून करावा. तो याच विद्येचा सख्खा भाऊ आहे. शाळेंत असतांना तयारी इतकीच कीं मराठी शुद्ध व सोपी लिहितां यावी, हिंदी-इंग्रजी कामापुरती यावी, शेंकडेवारीचा हिशेब चुकूं नये, आणि ऐकीव गोष्ट पडताळल्याविना कागदावर उतरूं नये. आमचें स्वतःचें शिक्षण मराठी शाळेच्या माध्यमिक पायरीवर थांबलें. पण ही शेवटची संवय आम्हांस जन्मभर पुरली.

आमची सूचना लहानशी आहे. आपल्या संघानें दरवर्षीं पांच तालुक्यांतून पांच मुलें-मुली निवडावीं. बारावीनंतर जीं या शिक्षणास जातील त्यांच्या फीचा कांहीं भाग संघानें उचलावा. सुटींत त्यांनीं बाजार समितींत बसून आवक व भाव टिपावे, कुळवार अडचणी लिहून घ्याव्या व महिन्यास एक पानाचें पत्रक काढून प्रत्येक गांवीं वाचून दाखवावें. तीन वर्षांत या जिल्ह्याच्या हळदीस स्वतःची लेखणी मिळेल.

बोलेल त्याचे हुलगे विकतात, न बोलेल त्याचे गहूंहि पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. आमच्या पदरीं गहूं आहेत. आईबापांनीं व शिक्षकांनीं यंदाच्या निकालाच्या वेळीं एवढें ध्यानांत ठेवावें, आणि ज्या मुलास चार माणसांत खरें बोलण्याची व दुसऱ्याचें ऐकून घेण्याची हौस आहे, त्यास 'यांत पोट भरत नाहीं' म्हणून परत फिरवूं नये, एवढीच आमची विनंती आहे.