सोसायटीच्या नकाशाची किल्ली कुणाच्या खिशात?



आज विषय थोडा वेगळा आहे, पण बंदीच्या दिवसांत हाताला सवड असते, म्हणून आत्ताच बोलून घेऊ.

आपल्या बहुतेक बोटमालकांकडे आज तीन नकाशे असतात. पहिला बोटीवरच्या जीपीएसमधला. कुठल्या खडकावर घोळ लागते, कुठे जाळं अडकून फाटतं, कुठे जुनं गलबत बुडालेलं आहे, हे पॉइंट तांडेलाने स्वतः टाकलेले असतात. ते पॉइंट माणूस सख्ख्या मेव्हण्यालाही देत नाही.

दुसरा नकाशा हैदराबादहून येतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या शहरात ‘इन्कॉइस’ हे केंद्र सरकारचं महासागर माहिती केंद्र आहे. उपग्रहावरून समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य मोजून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे ते तिथले शास्त्रज्ञ ठरवतात. मग कुठल्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीत, असा सल्ला आपल्यापर्यंत मराठीतही येतो. त्यात चूक वाटली तर आपण सांगू शकतो, पण त्यांचा आकडा आपण खोडू शकत नाही. आणि ते बरोबरच आहे.

तिसरा नकाशा फोनमधला गुगल मॅप. त्यावर आपली सोसायटी आहे, डिझेल पंप आहे, बर्फाचा कारखाना आहे, जेट्टी आहे. आता प्रश्न असा, की ती नावं, ते फोन नंबर, ती लाल खूण बदलायचा अधिकार कुणाला?

उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसेल. जवळजवळ कुणालाही.

ज्याच्याकडे गुगलचं खातं आहे असा कोणीही माणूस आपल्या सोसायटीच्या खुणेवर बोट ठेवून बदल सुचवू शकतो. नाव बदला, वेळ बदला, फोन नंबर बदला, खूण सरकवा, ‘कायमचं बंद’ असं लिहा. सुचवलेला बदल लगेच लागू होतोच असं नाही, त्याची तपासणी होते. पण त्यातली बरीचशी मशीन करते, आपल्या बंदरावर येऊन कोणी बघत नाही. ज्या माणसाचे आधीचे बदल बरोबर निघाले त्याच्यावर जास्त विश्वास टाकला जातो. गुगलची ‘लोकल गाइड’ योजना तर असे बदल करणाऱ्याला पॉइंट देते. बहुतेक लोक चांगल्या मनाने मदत करतात यात शंका नाही. पण दार उघडं असलं की पाहुणाही येतो आणि चोरही येतो.

चोर आला होता. २०१८ साली आपल्याच महाराष्ट्रात बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे गुगल मॅपवरचे फोन नंबर भामट्यांनी बदलले आणि तिथे स्वतःचे नंबर टाकले. ग्राहक बँक समजून फोन करायचे आणि समोरचा गोड बोलून कार्डाचा पिन काढून घ्यायचा. बँकेने महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रारी केल्या. इथे कुणी बँकेचा कॉम्प्युटर फोडला नव्हता. नकाशावरचा एक नंबर बदलला, एवढंच. एवढ्या मोठ्या बँकेला त्याचा त्रास झाला, मग आपल्या सोसायटीच्या डिझेल पंपाचं काय?

समजा, हैदराबादच्या मुशीराबादच्या मासळी बाजारातला एखादा नवा व्यापारी आपल्याकडचा माल घ्यायचा म्हणतो. तो आधी फोनवर सोसायटी शोधणार आणि तिथला नंबर लावणार. तो नंबर भलत्याचा असेल तर ॲडव्हान्सचे पैसे भलत्याच खात्यात जाणार आणि नाव आपलं खराब होणार. त्याला आपण कुठे तोंड दाखवायचं?

‘आमचं गिऱ्हाईक आम्हाला तोंडओळखीने ओळखतं, मॅप कशाला हवा,’ असं काही जुनी मंडळी म्हणतील. जुन्या गिऱ्हाईकाचं खरं आहे. पण बर्फाच्या गाडीवरचा नवा ड्रायव्हर, बोटीच्या विम्याचा सर्व्हेअर, रात्री जेट्टीवर बोलावलेली ॲम्ब्युलन्स, हे सगळे फोन बघूनच येतात. आणि फोनवर लोकांचा विश्वास किती? मे २०२४ मध्ये हैदराबादहून केरळला फिरायला गेलेल्या चौघांची गाडी कोट्टायम जिल्ह्यात मॅप बघत बघत थेट ओढ्यात गेली. माणसं वाचली, गाडी पाण्याखाली गेली. त्यात कुणी मॅप मुद्दाम बदलला होता असं नाही. पण फोन सांगेल तिकडे माणूस पाण्यातसुद्धा जातो, एवढं त्यातून दिसतं. मग फोनवर खोटा नंबर असला तर लोक तो लावणारच.

आता दुसरी बाजूही बघू. सगळ्यांना बदल करू देणं हीच चूक, असं म्हणून मोकळं होता येत नाही. हैदराबाद हे आता नकाशांचं मोठं गाव झालं आहे. ॲपल कंपनीने मे २०१६ मध्ये आपल्या नकाशांच्या कामासाठी तिथे मोठं केंद्र सुरू केलं. जुलै २०२२ मध्ये गुगलने रस्त्यांचे फोटो दाखवणारं ‘स्ट्रीट व्ह्यू’ भारतात आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक यांच्याबरोबर हैदराबादही होतं. पण हैदराबाद असो की अमेरिका, खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपल्या बंदरावर बर्फाचे कारखाने दोन आहेत की तीन, हे कसं कळणार? ते तिथलाच माणूस सांगणार.

म्हणूनच गुगलने २००८ साली ‘मॅप मेकर’ काढलं आणि लोकांच्या हातात पेन्सिल दिली. आपल्याकडच्या कितीतरी गल्ल्या, देवळं, दुकानं लोकांनीच नकाशावर आणली. त्यावरून भांडणंही झाली. २०१३ मध्ये गुगलने भारतात ‘मॅपेथॉन’ नावाची नकाशे भरायची स्पर्धा घेतली, तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाने परवानगीशिवाय नकाशे केले म्हणून पोलिसांत तक्रार केली. २०१५ मध्ये पाकिस्तानात रावळपिंडीजवळ कुणीतरी नकाशावर वाह्यात चित्र काढलं आणि त्यानंतर काही महिने ‘मॅप मेकर’ बंद ठेवावं लागलं. २०१७ मध्ये ते कायमचं बंद झालं, पण बदल सुचवायची सोय गुगल मॅपमध्येच आली.

लोकांच्या हातातली पेन्सिल आपल्यालाही हवी आहे. सरकारी नकाशांचा अनुभव आपल्याला आहेच. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की कोळीवाडे, जेट्ट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा नकाशावर दाखवायच्या. तरी सुकवायच्या खळ्यांसाठी आणि कोळीवाड्यांच्या हद्दींसाठी आपल्या लोकांना हरकती लिहाव्या लागल्या. नकाशावर जे नाही ते साहेबाच्या लेखी जागेवरही नाही, हे आपण चांगलं शिकलोय. त्यामुळे पेन्सिल काढून घ्या, असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की गल्ली दाखवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुकानाचा फोन नंबर बदलणं वेगळं. रस्ता सगळ्यांचा असतो, तो कुणीही दाखवावा. पण नंबर हा त्या धंद्याचा गल्ला आहे. मालकाने एकदा आपली ओळख पटवून दिली, की त्याने हो म्हटल्याशिवाय नंबर बदलता कामा नये. आज तसं नाही. मालकाने खूण ताब्यात घेतली तरी लोकांनी सुचवलेला बदल वर चढू शकतो आणि मालकाला ईमेल येतं. ते ईमेल कुणी वाचलंच नाही तर बदल तसाच राहतो.

दुसरं म्हणजे, कुणी काय बदललं हे दिसायला हवं. २००४ साली सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशाही कुणीही बदलू शकतो. पण तिथे कोणत्या खात्यावरून, कोणत्या दिवशी, काय बदललं याची नोंद सगळ्यांना दिसते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. आपल्या सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकासारखं. गुगलवर सामान्य माणसाला अशी नोंद दिसत नाही. खुद्द गुगलने सांगितलं की २०२३ या एका वर्षात १ कोटी २० लाखांहून जास्त बनावट धंद्यांच्या नोंदी काढल्या किंवा अडवल्या. एवढं जाळ्यात सापडलं, तर निसटलेलं किती असेल?

पण कंपनी नियम बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या हातात काय आहे ते बघू. आणि इथे मला आपल्याच घरातलं बोलायचंय.

बऱ्याच संस्थांची खूण मॅपवर असते, पण ती कुणी ताब्यात घेतलेली नसते. काही ठिकाणी घेतलेली असते, पण कुणाच्या नावाने? एखाद्या कारकुनाच्या, कुणाच्या पुतण्याच्या, नाहीतर जुन्या सेक्रेटरीच्या खाजगी ईमेलवर. निवडणूक होते, पॅनल बदलतं, दप्तर मिळतं, शिक्के मिळतात, कपाटाच्या चाव्या मिळतात. मॅपची किल्ली मात्र जुन्या माणसाच्या फोनमध्येच राहते. तो रागावलेला असला तर? फोन हरवला तर? देव न करो, माणूसच गेला तर? डिझेलच्या कोट्याच्या एकेका लिटरचा हिशोब विचारणारे आपण सभासद, हे कधी कुणी विचारलंय का?

म्हणून येत्या सभेत एवढी कामं करा.

१. सोसायटीच्या नावाने एक ईमेल खातं काढा. पासवर्ड बंद पाकिटात दप्तरात ठेवा.

२. त्या खात्यावरून मॅपवरची खूण ताब्यात घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. ओळख पटवायला फोनवर कोड येतो किंवा पाटी आणि ऑफिस दाखवणारा व्हिडिओ मागतात. खूण आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर मालकी मागायची सोय तिथेच आहे.

३. किमान दोन पदाधिकाऱ्यांना त्यावर अधिकार द्या आणि तसा ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहा. पदाधिकारी बदलला की नाव बदला. दप्तर सोपवण्याच्या यादीत ही ओळ वाढवा.

४. महिन्यातून एकदा कुणीतरी नंबर, नाव आणि खूण तपासा. बोट चालवणाऱ्या बापाला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सांगा, तिचं पाच मिनिटांचं काम आहे.

५. ‘तुमचं मॅपवरचं नाव बंद होणार, इतके भरा,’ असा फोन आला तर ठेवून द्या. ओटीपी कुणालाही देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन लावा.

६. बँकेचा, विम्याचा, इंजिन कंपनीचा नंबर मॅपवरून उचलून पैशाचं बोलू नका. पासबुकावर, पॉलिसीवर, बिलावर छापलेला नंबर लावा.

आणि मावश्यांनो, तुमच्या मासळी बाजाराची खूणही बघून घ्या. बाजार हलवायची चर्चा कुठे ना कुठे चालूच असते, आणि अशा वेळी कुणी ‘कायमचं बंद’ लिहून ठेवलं तर गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे वळतं.

आपल्या सोसायटीची खूण आज कुणाच्या ताब्यात आहे, हे बघून खाली कमेंटमध्ये लिहा. माहीत नसेल तर तसंच लिहा, लाजायचं काही नाही. सभेच्या आधी यादी करू आणि ज्यांना अडेल त्यांना एकमेकांत मदत करू.