वर्गांतील रिकामीं बांकें

जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे पूर्वीं चालकांपुढें एकच प्रश्न असे : आलेलीं मुलें बसवावयाचीं कोठें? आतां खाजगी शाळांच्या चालकांत उलट प्रश्न ऐकूं येतो : मांडलेल्या बांकांवर बसावयास मुलें आणावयाचीं कोठून? ही चर्चा बहुधा शिक्षकांच्या खोलींत, दारें लावून होते. पालकांच्या कानांवर ती जात नाहीं, विद्यार्थ्यांच्या तर नाहींच. आमच्या मतें ही रीत बरोबर नव्हे; कारण जें ठरेल त्याचें बरें-वाईट फळ त्यांनाच भोगावयाचें आहे. म्हणून हा विषय वार्षिकाच्या या पानांवर उघडपणें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ कारण साधें आहे. घरांत मुलें कमी झालीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें १९९२-९३ सालीं महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी सुमारें २.९ मुलें होत. २०१९-२१ च्या पाहणींत हा आंकडा १.७ वर आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकावयास तो २.१ च्या आसपास असावा लागतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, तेव्हां त्यांच्या वांट्यास उपहास आणि खटले आले. त्यांनीं सांगितलेली गोष्ट आज घरोघर मुकाट्यानें आचरली जात आहे. जपानांत १९४९ सालीं सुमारें २७ लक्ष मुलें जन्मलीं, २०२३ सालीं ७ लक्ष २७ हजार; तेथें दरवर्षीं शेंकडों शाळा बंद होतात. आपण त्या टोंकास पोहोंचलों नाहीं, परंतु वाट तीच आहे.

कांहीं वडीलधारी मंडळी यावर तरुण दांपत्यांस दोष देतात. आम्हांस तें मान्य नाहीं. दोन मुलांस पोटभर अन्न, पुस्तकें आणि आईबापांचें लक्ष मिळत असेल तर शाळेनें त्याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. शाळा मुलांसाठीं असते. शाळा भरावी म्हणून मुलें जन्मास घालावयाचीं नसतात.

आपल्या भागांत हा फरक चटकन् दिसत नाहीं, याचें कारण मुंबईचा शेजार. नेरळ, कर्जत, खोपोली येथें इमारतींमागून इमारती उठल्या. मुंबईंत घर परवडत नाहीं तीं कुटुंबें इकडे आलीं व त्यांचीं मुलें आमच्या वर्गांत बसलीं. पनवेल-कर्जत उपनगरी लोहमार्गाचें काम सुरू झाल्यापासून ही आशा अधिकच बळावली. परंतु येणाऱ्या कुटुंबांतहि एक किंवा दोनच मुलें असतात. दुसऱ्याच्या विहिरीचें पाणी आपल्या पाटांत आलें म्हणून आपली विहीर भरली असें होत नाहीं.

पालकांस एक हिशेब समजावून सांगणें अवश्य वाटतें. समजा, एका विनाअनुदानित शाळेंत दहा वर्ग असून प्रत्येकांत साठ मुलें आहेत. उद्यां तीं पंचेचाळीस झालीं. तरी शिक्षक तितकेच लागतात, दिवा-पंखा तितकाच चालतो. तेवढाच पैसा उभा करावयाचा तर प्रत्येक मुलाची फी एकतृतीयांशानें वाढवावी लागेल. आणि फी वाढली कीं आणखी चार मुलें जातील. अनुदानित शाळेची अडचण निराळी. तेथें पटसंख्येवरून दरवर्षीं संचमान्यता होते. पट घसरला कीं एखादें पद जातें, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो व त्याचें दुसरीकडे समायोजन होतें. वीस वर्षें संस्कृत किंवा चित्रकला शिकविणारा गृहस्थ असा उठून जातो, तेव्हां कागदावर एक पद कमी होतें. प्रत्यक्षांत शाळेचा एक विषयच मुका होतो.

या भयानें शाळा काय करितात? मे महिन्याच्या उन्हांत शिक्षक दारोदार फिरून मुलें गोळा करितात. कोणी सायकल देऊं करितो, कोणी गणवेष, कोणी बस दारापर्यंत पाठवितो. शेजारच्या शाळेचीं दहा मुलें ओढून आणलीं तर तालुक्यांत एकहि मूल वाढत नाहीं; रिकामें बांक या इमारतींतून त्या इमारतींत जातें इतकेंच. शिक्षकाची सुटी वाचनांत जावयाची ती फेरीवाल्याच्या कामांत जाते, हें आम्हांस विशेष खटकतें. सेमी इंग्रजी वर्गांचेंहि तसेंच. गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु शिकविणारा तयार नसतां केवळ पट टिकविण्यासाठीं फलक बदलणें ही मुलांची फसवणूक होय.

वास्तविक हायस्कुलास घाबरून धांवाधांव करण्याचें कारण नाहीं. आठवींत येणारें मूल तेरा वर्षांपूर्वीं जन्मलेलें असतें; जन्मनोंदणींत त्याची वार्ता आधींच लिहिलेली आहे. इतकी पूर्वसूचना शेतकऱ्यास पावसाची मिळत नाहीं! चार शेजारी संस्थांनीं एकत्र बसून ते आंकडे पाहावे. दोघींनीं मिळून एक उत्तम प्रयोगशाळा ठेवावी. संगीताचा शिक्षक आठवड्यांतून तीन दिवस येथें, तीन दिवस तेथें असावा. साठांऐवजीं पस्तीस मुलांचा वर्ग झाला तर प्रत्येकाची वही तपासून होईल, हा लाभ थोडा नव्हे.

आणि मुलें खरोखरच संपलीं आहेत काय? कर्जतच्या डोंगरपट्टींत, खालापुरांत, ठाकूर व कातकरी वाड्यांवर मुलें आहेत. पण त्यांपैकीं पुष्कळ हायस्कुलाच्या दारापर्यंत पोहोंचत नाहींत. इर्शाळवाडी हें नांव तरी १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळण्यापूर्वीं आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक होतें? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडाशीं परततात. मूल बरोबर जातें आणि शाळेंतून गळतें. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं मराठवाड्यांत हंगामी वसतिगृहें निघालीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली ती वसतिगृहांच्याच बळावर वाढली. सर्व जातींचीं मुलें त्यांत एकत्र राहत व जेवत.

आमच्या शाळांत रिकाम्या होत असलेल्या खोल्या आहेत. नोव्हेंबरपासून मेपर्यंत अशा दोन खोल्यांत वीस-पंचवीस मुलें राहूं शकतील. जेवणाचा खर्च येईल, रात्रीं कोणी शिक्षक राहावा लागेल, आणि आपल्या मुलांशेजारीं भट्टीवरचें मूल बसलेलें पाहून कांहीं पालक कुरकुरतील, हेंहि आम्ही जाणून आहों. तरी भट्टीमालकाची उचल हातीं पडण्यापूर्वीं, म्हणजे दिवाळीच्या सुटीच्या आधीं, शिक्षकांनीं या वाड्यांवर एक फेरी करावी. मे महिन्यांतल्या फेरीइतकें ऊन तेव्हां नसतें.