कोडची बयाज

आपल्या बऱ्याच घरांत एक जुनी वही असते. कुणी तिला बयाज म्हणतं. दादीची खोकल्यावरची दवा, मसाल्याचं माप, एखादी दुआ, आवडलेला शेर, सगळं तिच्यात. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींनीही अशी एक बयाज ठेवावी, असं मला वाटतं.

करमाडहून संभाजीनगरच्या कॉलेजात जाणारी किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात संगणकावर बसणारी आपली मुलं तीच ती छोटी कामं वारंवार करतात. यादीतली दुबार नावं काढायची, तारखेत दिवस आधी आणि महिना नंतर आणायचा, शंभर फायलींची नावं बदलायची. दर वेळी इंटरनेटवर शोधायचं, चिकटवायचं आणि विसरून जायचं. अशा कामाचा चार ओळींचा तयार तुकडा, म्हणजे स्निपेट, एका फाइलमध्ये जपला तर नेट नसतानाही तो हाताशी राहतो.

आपल्याच गरजेचं उदाहरण घ्या. मशिदीच्या चंद्याचा हिशोब कुणी मराठी अंकांत टाइप केलेला असतो. पायथॉनला '१२३' हा मजकूर दिला तर तो त्याची संख्या बिनतक्रार करून देतो. जावास्क्रिप्ट मात्र ही संख्याच नाही म्हणते. यूनिकोडमध्ये शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५ आहे. म्हणून प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा अंक मिळतो. हा तुकडा इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. तो आपणच लिहून ठेवायचा.

तुकड्यासोबत त्याची सनद हवी. हदीसच्या आलिमांनी कोणी कोणाकडून ऐकलं हे विचारल्याशिवाय रिवायत घेतली नाही. इथेही कुठून घेतला, कधी घेतला, कुठे तपासला, हे वर दोन ओळींत लिहावं. आंद्रेयास लुंडब्लाड यांनी २०१० साली स्टॅक ओव्हरफ्लोवर फाइलचा आकार वाचनीय करून दाखवणारा एक जावा तुकडा दिला. तो हजारो ठिकाणी उतरवला गेला. पुढे २०१९ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की त्यात चूक आहे : ९,९९,९९९ बाइट्सना तो एक मेगाबाइट न म्हणता हजार किलोबाइट म्हणतो. सनद लिहिलेली असेल तरच अशी दुरुस्ती आपल्यापर्यंत पोहोचते.

जकातीच्या तुकड्यात तर फारच जपून. चाळिसावा भाग काढणं सोपं आहे, पण निसाब? साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, कारण तो जुना ११.६६४ ग्रॅमचा तोळा आहे. आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. कुणी १० ने गुणलं तर ५२५ येतात, आणि ज्याच्यावर जकात नाही त्याच्यावर ती लागू दिसते. म्हणून कोणता तोळा धरला, ते तिथेच लिहावं. चांदीचा भावही तुकड्यात कायमचा कोंबू नये, दर वेळी विचारून घ्यावा.

नोकरीतला कोड मात्र बयाजेत येऊ नये. तो मालकाची अमानत आहे, आणि त्यात ग्राहकांचे फोन नंबर किंवा पासवर्ड राहून गेले तर नोकरीही जाऊ शकते. कल्पना तुमची असेल तर घरी नव्याने लिहा.

तुकडा मित्रांना पाठवताना स्क्रीनचा फोटो पाठवू नका. समोरच्याला तो पुन्हा टाइप करावा लागतो आणि एक कंस सुटला की तास जातो. व्हॉट्सॲप शब्दाच्या दोन्ही बाजूंची फुली आणि अधोरेषा ठळक-तिरप्या अक्षरांसाठी गिळून टाकतं. कोडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक चिन्हं दिली की तो जसाच्या तसा पोहोचतो. ही कळ बहुतेक कीबोर्डांवर डाव्या वरच्या कोपऱ्यात, एकच्या शेजारी असते.