बिघाड पंख्याचा, शिक्षा संगणकाला

गेल्या महिन्यात आमच्या घरातला जुना संगणक भंगारात जाता जाता वाचला. सुरू केला की पाच-सात मिनिटांत आपोआप बंद पडायचा. लगेच पुन्हा सुरू केला तर दोनच मिनिटांत बंद. थोरल्या मुलीचा दहावीचा अभ्यास त्याच्यावर चालतो. दुकानात फोन करून "सारखा बंद पडतो" एवढेच सांगितले. "जुना झाला, आता नवाच घ्या," असे उत्तर आले.

घरात बाजूला ठेवलेली रक्कम एकच होती, अम्मींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची. अम्मी म्हणाल्या, "माझे डोळे थांबतील, पोरीची परीक्षा थांबायची नाही." आम्हाला काय बोलावे ते सुचेना.

तेव्हा मुलगीच म्हणाली, "अब्बा, पंधरा दिवस झाले, सुरू करताना काळ्या पडद्यावर काहीतरी लिहून येतंय. तुम्हीच एफ-वन दाबून पुढे जा म्हणाला होतात." पुन्हा सुरू करून नीट वाचले. 'सीपीयू फॅन एरर' असे ते शब्द होते. यंत्र पंधरा दिवस आपले दुखणे सांगत होते आणि आम्ही रोज एक बटण दाबून त्याला गप्प करत होतो. दुकानदाराला तरी काय दोष द्यायचा? त्याला आम्ही ही गोष्ट सांगितलीच नव्हती.

आमच्या संगणकात कोर टू ड्युओ जातीचा प्रोसेसर आहे. असे बरेच प्रोसेसर पूर्ण कामात 65 वॅटपर्यंत उष्णता सोडतात, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी, तीही नखाएवढ्या जागेतून. ती उष्णता वरची धातूची जाळी, म्हणजे हीटसिंक, ओढून घेते आणि पंखा ती उडवून लावतो. पंखा थांबला की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर जळून जाण्याआधी संगणकच बंद करतो. म्हणजे आमचा संगणक मेला नव्हता, स्वतःचा जीव वाचवत होता.

जुम्याच्या नमाजनंतर आम्ही बापलेक कामाला बसलो. आधी वीजेची वायर काढली आणि काही मिनिटे थांबलो. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. बाजूचे झाकण काढल्यावर मुलीने मोबाइलवर सगळ्या वायरींचा फोटो काढून ठेवला. पंखा धुळीने माखला होता आणि बोटाने ढकलला तरी अडखळत होता. मधले स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, तर असा पंखा कधीकधी काही दिवस फिरतो. पण परीक्षेच्या तोंडावर त्याच्या भरवशावर कोण राहील?

पंख्याची वायर मदरबोर्डवरून सोडवली. हीटसिंकच्या चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. प्रत्येक पिनेवर बाण असतो. बाणाच्या दिशेने पाव वळसा देऊन ती वर ओढायची. मग हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून उचलायचा. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरमध्ये बसवण्याची पद्धत वेगळी असते आणि सुकलेल्या पेस्टमुळे हीटसिंकबरोबर प्रोसेसरही उपटून येऊ शकतो. तिथे झटका मुळीच देऊ नये.

काढलेला पंखा हीटसिंकसकट बाजारात नेला. हे महत्त्वाचे आहे. आमच्या 775 सॉकेटचा आणि त्यानंतरच्या 1155 सॉकेटचा कूलर दिसायला सारखाच, पण पिनांच्या छिद्रांमधले अंतर पहिल्यात 72 मिलिमीटर, तर दुसऱ्यात 75. तीन मिलिमीटरच्या फरकाने तो बसत नाही. जुना सोबत असल्यामुळे फसगत झाली नाही. नवा कूलर 350 रुपयांना मिळाला. थर्मल पेस्टची छोटी नळी वेगळी घेतली.

प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट सुती कापडाने पुसली. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते ते आयसोप्रोपिल थोडे लावले की ती सहज निघते. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढीच लावायची. जास्त लावली तर बाहेर सांडते, फायदा काही होत नाही. कूलरच्या बुडाला आधीच करडी पेस्ट लावलेली असेल, तर वेगळी लावू नये. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, तिरप्या जोडीने दाबायच्या. प्रत्येकीचा 'टक्' आवाज ऐकायचा. एक जरी पीन अर्धवट राहिली तरी हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो आणि सारी मेहनत वाया जाते. आमची एक राहिलीच होती. मुलीने हलवून पाहिले म्हणून कळले.

शेवटी पंख्याची वायर आठवणीने जोडली आणि संगणक सुरू केला. बायोसमधल्या हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर पंख्याचे फेरे आणि प्रोसेसरचे तापमान दिसते. आकडा 45 अंशांच्या आसपास स्थिरावला, तेव्हा मुलीने "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून झाकण लावले.

एक इशारा मात्र देतो. ज्या लोखंडी डब्यात वीजेची मुख्य वायर जाते, तो एसएमपीएस घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. तो बिघडला तर जाणकाराकडेच न्या.

हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीत आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) घरी आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत. आपण ही गोष्ट मुलांना कौतुकाने सांगतो आणि घरातली वस्तू अडली की खिशात हात घालतो. इस्राफ म्हणजे फक्त लग्नातली उधळपट्टी नव्हे. दुरुस्त होणारी वस्तू न उघडताच फेकणे हाही इस्राफच. आपल्याकडचा पैसा अमानत आहे आणि त्यावर पहिला हक्क कोणाचा, हे घाईत विसरायला होते.

अम्मींच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. त्यांच्यासाठी दुआ करा. आणि तुमच्या संगणकाच्या पडद्यावर काही लिहून आले, तर बटण दाबण्याआधी ते एकदा वाचा.