उमेदवारांचे हात आणि प्रथमोपचार

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या तलवाड्यांत दोन प्रकारचे पालक दिसूं लागतात. कांहीं आपल्या मुलास गेवराईस किंवा बीडास महाविद्यालयांत धाडतात. कांहीं त्यास एखाद्या मिस्त्र्याच्या हातीं देतात, किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटर, वायरमन, वेल्डर होण्यास पाठवितात. या दुसऱ्या पालकांविषयीं माझ्या मनांत मोठा आदर आहे. ज्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस जातात, तेथें मुलाच्या हातास हुन्नर लावून देणें म्हणजे त्यास जन्माची भाकर देणें होय. परंतु ज्या हातांवर ही भाकर अवलंबून, ते जायबंदी झाले तर पहिल्या पांच मिनिटांत काय करावें, हें त्यास कोणीं शिकविलें आहे काय, असें मी प्रत्येक पालकास विचारूं इच्छितों.

रस्त्यावरील कोणत्याहि दुकानासमोर घटकाभर उभें राहावें. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा वेल्डर काळी कांच डोळ्यांपुढें धरतो. त्याच्या शेजारीं बसलेला उमेदवार नुसता हात आडवा धरून ठिणग्या पाहत असतो. रात्रीं त्याच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखें होतें आणि घरचीं माणसें डोळ्यांत बटाट्याचा रस किंवा आणखी कांहीं पिळतात. ग्राइंडरच्या चाकाची कपची, बॅटरींतलें आम्ल, विहिरीच्या मोटारीची उघडी वायर, सुताराच्या यंत्राचें पातें, हीं सर्व त्या मुलाच्या रोजच्या सोबतीचीं. धोका मोठ्या कारखान्यांतच असतो ही आपली समजूत चुकीची आहे. मोठ्या कारखान्यांत निदान कोणी तपासावयास येतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी कडबाकुट्टीचें यंत्र दुरुस्त करतांना बोटाचें पेर गमावून बसला. दुकानांतील मंडळी मनानें वाईट नव्हती; त्यांनीं त्यास तत्काळ गाडीवर घालून नेलें. मात्र तुटलेलें पेर दुकानाच्या जमिनीवरच राहिलें. तें स्वच्छ ओल्या फडक्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवींत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णाबरोबर न्यावयाची असते, तें पुन्हा जोडतां येण्याचा संभव असतो, हें तेथें एकासहि ठाऊक नव्हतें. जोडलें गेलेंच असतें असें मी म्हणत नाहीं. परंतु प्रयत्न करावयासहि कांहीं उरलें नाहीं, याचें दुःख त्याच्या आईच्या तोंडावर मीं पाहिलें आहे.

प्रथमोपचार म्हणजे डॉक्टरकी नव्हे. वैद्य येईपर्यंत अपाय वाढूं न देणें, एवढाच त्याचा अर्थ. जखमेंतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडका ठेवून तळहातानें दाबून धरावें आणि ‘थांबलें काय’ म्हणून दर घटकेस उघडून पाहूं नये. भाजलें तर वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरावें. शाई, हळद, दांत घांसावयाची पेस्ट यांपैकीं कांहींहि लावूं नये. आम्ल डोळ्यांत उडालें तर तितकाच वेळ पाण्यानें धुवावें. कपची रुतली असेल तर डोळा चोळूं नये आणि ती आपण काढूं नये. विजेनें धरलेल्या मनुष्यास ओढावयास धावण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करावें. हा नियम न पाळल्यानें एकाच्या जागीं दोन प्रेतें उचलावीं लागतात. बटण दूर असेल तर कोरडें लांकूड हातीं घ्यावें. मग तो मनुष्य हालत नसेल, श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्हीं तळहात ठेवून, सुमारें पांच सेंटिमीटर खोल, मिनिटास शंभर ते एकशेंवीस या गतीनें दाबीत राहावें. मेंदूस चार-पांच मिनिटें रक्त मिळालें नाहीं तर पुढें मोठ्यांत मोठा धन्वंतरीहि हतबल होतो. आमच्या गांवीं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, १०८ क्रमांकावर गाडीहि येते; ही सेवा २०१४ पासून महाराष्ट्रांत चालू आहे व तिचे उपकार थोर आहेत. तथापि तीं चार मिनिटें गाडीचीं नसतात, शेजारीं उभ्या असलेल्या मनुष्याचीं असतात. आमचें गांव त्वरितादेवीचें; त्वरा या शब्दाचा अर्थ आम्हांस निराळा शिकवावा लागूं नये!

ही विद्या मुळांत कष्टकऱ्यांसाठींच निघाली, हें थोड्यांस ठाऊक असतें. इंग्लंडांत १८७७ सालीं सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. खाणींतील मजूर, रेल्वेचे कामगार, पोलीस हे तिचे आरंभींचे शिष्य. जर्मनींत एस्मार्क नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८८२ सालीं कील शहरीं असेच वर्ग काढले. आजहि हात गळ्यांत अडकविण्यास जो त्रिकोणी फडका वापरतात, त्याचा प्रसार त्यानेंच केला. आपल्या वर्गांस त्यानें शोमरोन्याचें नांव दिलें. वाटेंत पडलेल्या जखमी मनुष्याजवळ थांबणाऱ्या त्या शोमरोन्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला होता. आतां तसें करूं नये, परंतु थांबावें मात्र अवश्य.

आणि थांबणाऱ्यास आतां भिण्याचें कारण उरलेलें नाहीं. ‘हात लावला तर पोलिस आपणांसच धरतील’ हें वाक्य मीं या रस्त्यावर अनेकदां ऐकलें आहे. रस्त्यावरील अपघातांत मदत करणाऱ्यास संरक्षण देणारीं मार्गदर्शक तत्त्वें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं बंधनकारक केलीं. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांतच तसें कलम आलें.

कायद्यानें उमेदवारांचाहि विचार केला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें त्यांच्या आरोग्याची व सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली. १९४८ च्या कारखाना कायद्यानें दर दीडशें कामगारांमागें प्रथमोपचाराची एक पेटी व ती सांभाळणारा प्रशिक्षित मनुष्य असावा असें ठरविलें होतें. तो कायदा आतां नव्या श्रमसंहितेंत सामावला गेला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांतहि प्रथमोपचार आहे. मग माझी तक्रार कोणती? ती अशी कीं, हा पाठ बहुधा पहिल्या कांहीं दिवसांतच उरकला जातो. ज्या मुलानें अद्याप कानस हातीं धरली नाहीं, त्यास जखमेचा धडा परीक्षेपुरताच वाटतो. पोहणें जसें पुस्तकांतून येत नाहीं, तसेंच हेंहि. पुतळ्याच्या छातीवर स्वतःचे तळहात दाबून घाम आल्यावांचून तें अंगीं बाणत नाहीं, आणि वर्षाकांठीं पुन्हा न केलें तर विसरतें. आणि रस्त्यावरील दुकानांत उस्तादाच्या हाताखालीं असलेला मुलगा तर कोणत्याच नोंदवहींत नाहीं. त्यास पहिल्या दिवसांचा पाठहि मिळत नाहीं. (चौदा वर्षांखालील मुलास तेथें ठेवणें आणि अठरा वर्षांखालील मुलास धोक्याच्या कामास लावणें, हें कायद्यानें मना आहे, सुटींत ‘जरा हात बसूं दे’ म्हणून पोरास गॅरेजांत धाडणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें.)

‘अर्धवट ज्ञान घातक’ असा आक्षेप कांहीं सुशिक्षित मंडळी घेतात. त्यांस माझें उत्तर असें कीं, प्रथमोपचार न शिकलेला मनुष्य अपघाताच्या वेळीं स्वस्थ बसत नाहीं. तो पेस्ट लावतो, बेशुद्धाच्या तोंडांत पाणी ओततो, रुतलेली वस्तु उपटतो. अर्धवट ज्ञान तें हें. शिकलेल्यास निदान काय करूं नये एवढें तरी कळतें. मिस्त्री लोकांचा आक्षेप निराळा व अधिक खरा आहे: एक दिवस दुकान बंद ठेवून पोट कसें भरावें? त्यांच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. बाजाराच्या दिवशीं दुकान बंद ठेवा असें कोणीहि म्हणूं नये. आठवड्यांतील मंद दिवशीं, संध्याकाळीं दोन तास, असे चार वर्ग घेतां येतील. आरोग्य केंद्रांतील अधिकाऱ्यांनीं शिकवावें. जागा शाळांनीं द्यावी, बांकें आमचीं रात्रीं रिकामींच असतात. उस्तादानें स्वतः पुढील रांगेंत बसावें, कारण तो बसला नाहीं तर त्याचा उमेदवार शिकलेलें करण्यास धजणार नाहीं. ‘पाण्याखालीं काय धरतोस, इकडे ये’ असें उस्तादानें दरडावलें कीं सर्व शिक्षण संपलें.

नववी-दहावीच्या मुलांमुलींसहि हे वर्ग खुले असावेत. मुलींचें नांव मी मुद्दाम घेतों. शिलाईच्या यंत्राची सुई बोटांत जाते, आणि उसाच्या फडांत कोयत्यानें पाय कापला जातो, तेव्हां जवळ बहुधा कोणी बाईच असते.

मुलास कामावर ठेवावयास जातांना आपण पालक पगार विचारतां, सुटी विचारतां, जेवणाचें विचारतां. त्याबरोबर औषधाची पेटी कोठें आहे व ती कोण वापरूं शकतो, हेंहि विचारावें. उस्ताद हंसेल, हंसूं द्यावें. पेटी नसेल तर पालकांनींच मिळून एक करून द्यावी: निर्जंतुक घड्या, गुंडाळपट्ट्या, दोन त्रिकोणी फडके, हातमोजे, कात्री, आणि झांकणाच्या आंतील बाजूस १०८ हा आंकडा व आरोग्य केंद्राचा क्रमांक ठळक लिहिलेला. ती गल्ल्याशेजारीं कुलपांत नसावी, यंत्राजवळ भिंतीस असावी.