दार कुरकुरलं, इंग्रजीत कसं सांगाल?

बालमित्रांनो, 'दार कुरकुरलं' हे इंग्रजीत कसं सांगाल? मी सातवीत असताना निबंधात लिहिलं होतं, 'द डोअर मेड कुर-कुर साउंड.' सगळा वर्ग खो खो हसला. मला रडूच आलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वर्गाचं जुनं दार हळूच ढकललं आणि म्हणाल्या, "द डोअर क्रीक्ड!"

बघा, मराठीत आपण 'कुरकुर' या आवाजापासूनच 'कुरकुरणं' हे क्रियापद करतो ना? इंग्रजीतही तसंच. क्रीक म्हणजे कुरकुरणं. वेगळं 'मेड साउंड' कशाला हवं?

आता रोजची वाक्यं पाहा :

'धिस कॉट क्रीक्स.' ही खाट कुरकुरते.

'द स्टेअर्स क्रीक ॲट नाइट.' रात्री जिना कुरकुरतो.

'पुट सम ऑइल ऑन द क्रीकी हिंज.' कुरकुरणाऱ्या बिजागरीला थोडं तेल घाल.

स्पेलिंग मात्र सांभाळा हं! सी-आर-ई-ए-के. 'ए'च्या जागी दुसरा 'ई' आला, तर उच्चार तोच राहील, पण दाराचा होईल ओढा!

आणखी एक गंमत. अभ्यासाला बसताना तुम्ही कुरकुरता, ते क्रीक नव्हे बरं का! माणसाच्या कुरकुरीला शब्द आहे ग्रंबल. दाराची कुरकुर तेलाने थांबते. तुमची कशाने थांबते, ते आईला विचारा!

आज घरात क्रीक करणाऱ्या वस्तू शोधा आणि प्रत्येकीवर एक वाक्य लिहा. जमेल ना?